बागेत ताग पेरला की झाडाला नत्र मिळतं का?

संत्र्याच्या बागांमध्ये एक समज पक्का आहे: ओळींमध्ये ताग किंवा धैंचा (हिरवळीच्या खतासाठी पेरायची पिकं) उभा असला की मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र ओढून शेजारच्या झाडाला देतात. तसं होत नाही. गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात (याला नत्र स्थिर करणं म्हणतात) हे खरं, पण तो बहुतेक तागाच्याच पानांत आणि खोडात जातो. उभं पीक झाडाला फारसं काही देत नाही, उलट पाणी ओढतं.

नत्र मोकळा होतो तो पीक कापून कुजल्यावर. जिवाणू आधी प्रथिनं फोडतात, त्यातून अमोनियम बनतं, पुढे नायट्रेट; मुळं नत्र याच रूपांत घेतात. त्यासाठी ओल आणि ऊब लागते. म्हणून कापायची वेळ महत्त्वाची. पेरणीनंतर साधारण ४५-५० दिवसांनी, फुलोऱ्यात, ताग कोवळा असतो आणि लवकर कुजतो. खोड लाकडासारखं झालं, की त्यात कर्ब (कार्बन) जास्त आणि नत्र कमी. मग कुजवणारे जिवाणूच जमिनीतला नत्र काही काळ अडकवून ठेवतात. वरून शेंगा घरी नेल्या तर बराच नत्र त्यांच्याबरोबरच गेला!

आणि कापलेला ताग मातीत गाडण्यासाठी खोल नांगरट नको. संत्र्याची अन्न घेणारी मुळं वरच्या थरातच असतात. कापून बुंध्याभोवती पसरा. कुजायला वेळ जास्त लागेल, थोडा नत्र हवेतही जाईल, पण मुळं शाबूत राहतील.