पी०१७१: इंजिन चोरून हवा पितंय

अमेरिकेत १९९७ ते २००३ या पिढीतल्या फोर्ड एफ-१५० पिकअप अजून रस्त्यावर दिसतात. ५.४ लिटरच्या व्ही-८ इंजिनावर चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०१७१ व पी०१७४ हे कोड जोडीने आले, की बरेच जण तडक ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) आणून बसवतात. कोड पुसतात. काही दिवसांत दिवा पुन्हा हजर! बिचाऱ्या सेन्सरने फक्त चुगली केलेली असते.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र प्रकरण वेगळं. इंजिन मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतंय. अशा वेळी गाडी पुढे दामटू नये.

आता जोडीच्या कोडकडे. दोन्हींचा अर्थ एकच: मिश्रण लीन आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. व्ही-८ मध्ये सिलिंडरच्या दोन रांगा असतात: पी०१७१ एक नंबरच्या सिलिंडरच्या रांगेचा, पी०१७४ दुसऱ्या रांगेचा. दोन्हीकडचे सेन्सर एकाच दिवशी सहसा मरत नाहीत. म्हणून दोघांना सामाईक असलेलं कारण शोधायचं: मधूनच शिरणारी हवा, मळलेला एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) किंवा पेट्रोलचा कमी दाब.

१९९६ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांना डॅशबोर्डखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. स्कॅनर स्वस्तातला चालेल, पण त्यावर चालू इंजिनाचे आकडे दिसायला हवेत. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम टिपून ठेवा. दिवा लागण्याच्या क्षणी आरपीएम, इंजिनाचं तापमान आणि लोड किती होता, ते त्यात असतं. पुसलं की तेही जातं.

खरा पुरावा फ्युएल ट्रिममध्ये. आत आलेली हवा मोजून १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या वजनी हिशोबाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. ऑक्सिजन सेन्सर ‘कमी पडलं’ म्हणाला की वाढवतो. ही टक्केवारी म्हणजे ट्रिम. शॉर्ट टर्म (क्षणाक्षणाला बदलणारा) आणि लाँग टर्म (कॉम्प्युटरने सवयीने लक्षात ठेवलेला) यांची बेरीज साधारण उणे १० ते अधिक १० मध्ये असली तर काळजी नाही.

इंजिन गरम करून आयडलिंगला आकडा बघा, मग २५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरून बघा. समजा, आयडलिंगला सेकंदाला ६ ग्रॅम हवा मोजली जातेय आणि फटीतून १.२ ग्रॅम न मोजता घुसतेय. मग २० टक्के पेट्रोल जास्त लागणार. गाडी उभी ठेवून रेस दिली की मोजलेली हवा २० ग्रॅमवर जाते, पण थ्रॉटल जेमतेमच उघडलेला असल्याने इनटेकमधला (हवा आत नेणाऱ्या मार्गातला) व्हॅक्यूम तसाच राहतो आणि फटीतली हवाही तेवढीच. ट्रिम ६ टक्क्यांवर उतरतो. असा उतार दिसला की गळतीचा दाट संशय धरा. उलट लोडखाली आकडा चढत गेला तर एअरफ्लो सेन्सर, पेट्रोल फिल्टर किंवा पंप तपासा. (तेल लावायचा ‘परफॉर्मन्स’ एअर फिल्टर असेल तर आधी सेन्सरच बघा. हा सेन्सर त्याच्यासाठीच्या खास स्प्रेनेच धुवायचा, त्यातल्या तारेला बोट लावायचं नाही, पूर्ण सुकल्यावरच जोडायचा.)

या इंजिनात गळतीचा पहिला संशयित म्हणजे इनटेकच्या मागच्या बाजूचा पीसीव्ही होजचा (इंजिनातली तेलकट वाफ परत इनटेकमध्ये नेणाऱ्या नळीचा) रबरी एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा. तेलाच्या वाफेने तो लिबलिबीत होतो आणि खालून चिरतो. वरून बघणाऱ्याला धडधाकट वाटतो. इंजिन थंड असताना खालून बोट फिरवा किंवा छोटा आरसा धरा.

खात्री करायची तर इंजिन बंद करून एल्बो काढा, इनटेककडचं तोंड रबरी बुचाने घट्ट बंद करा आणि पुन्हा चालू करा. लाँग टर्म अजून २० च दाखवतो, पण शॉर्ट टर्म झपकन उणे होतो: चोर सापडला. कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची जुनी सवय गरम इंजिनावर आगीला आमंत्रण आहे. एल्बो निर्दोष निघाला तर स्मोक टेस्ट (इनटेकमध्ये धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं) करून घ्या.

नवा एल्बो तेल सोसणाऱ्या रबराचाच घ्या. हीटरचा पाइप कापून लावला तर तो फुगतो आणि व्हॅक्यूमने चपटा होतो. पीसीव्ही व्हॉल्व्हही सोबतच बदलून टाका.

एमिशन टेस्ट तोंडावर असेल तर कोड पुसू नका, नाहीतर कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या अपुऱ्या राहून गाडी परत पाठवली जाऊ शकते. दोष गेला असेल, तर लागोपाठ तीन फेऱ्या स्वच्छ गेल्यावर दिवा आपोआप विझतो.