गिल्बर्ट हिल : खाणीतून उरलेला कातळ

गिल्बर्ट हिल हा मुंबईत अंधेरी पश्चिमेला, दाट वस्तीच्या मधोमध उभा असलेला काळ्या बेसॉल्टचा सुळका आहे. त्याची उंची सुमारे ६१ मीटर (२०० फूट) आहे. माथ्यावर गावदेवी आणि दुर्गामाता यांची देवळे आहेत. अंधेरी एके काळी गाव होते, याची खूण देवीच्या नावातच राहिली आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचे पठार घडवणाऱ्या ज्वालामुखी उद्रेकांच्या काळात, हा खडक शिलारसापासून तयार झाला. शिलारस थंड होताना आकसतो आणि त्याला तडे जातात. हे तडे थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोन करून आत शिरत जातात आणि अखंड खडकात बहुकोनी खांब आखले जातात. गिल्बर्ट हिलच्या कड्यावर असे उभे खांब एकमेकांना खेटून दिसतात. अमेरिकेतील डेव्हिल्स टॉवर या अशाच खांबांच्या सुळक्याशी त्याची तुलना नेहमी होते. तो टॉवर १९०६ मध्येच त्या देशाचे पहिले राष्ट्रीय स्मारक झाला. आपल्या सुळक्याच्या वाट्याला मात्र सुरुंग आले.

आज दिसणारा सुळका म्हणजे एका मोठ्या डोंगररांगेचा उरलेला तुकडा आहे. शेजारच्या जोगेश्वरीतही असेच खांब होते, ते दगडखाणींनी संपवले. साष्टीतल्या, म्हणजे मुंबईची उपनगरे ज्या बेटावर वसली आहेत तिथल्या, खाणींनी मुंबई बांधली, हेही तितकेच खरे : छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला कुर्ल्याचा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड लागला, तर गेटवे ऑफ इंडियाला खरोडीचा. पण गिल्बर्ट हिलभोवतीचे खोदकाम फार उशिरा थांबले. केंद्र सरकारने १९५२ मध्ये वन कायद्याखाली टेकडीला संरक्षण दिले, तरी महापालिकेने तिला श्रेणी दोनचा वारसा दर्जा देऊन भोवतालच्या खाणकामावर बंदी घालेपर्यंत २००७ साल उजाडले. भूशास्त्रज्ञांनी त्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता.

येथे येण्यासाठी अंधेरी स्टेशनवरून पश्चिमेला उतरावे किंवा मेट्रोने आझाद नगर अथवा डी. एन. नगर गाठावे. तिथून गिल्बर्ट हिल रोडने चालत पायथ्याशी जाता येते. वर जायला खडकातच कोरलेल्या पायऱ्या आहेत. त्या उभ्या चढाच्या आहेत, म्हणून पावसाळ्यात ओल्या दगडावर जपून पाऊल टाकावे. माथ्यावर देवळांभोवती छोटी बाग आहे आणि चहूकडे अंधेरीच्या इमारती पसरलेल्या दिसतात.

बहुतेक लोक थेट माथा गाठतात, पण खरे पाहण्यासारखे खाली आहे. खाणकामाने उघडा पडलेला कडा पायथ्यावरून, मान वर करून पाहावा. खांबांच्या कडा तिरप्या उन्हात ठळक होतात. झिजेमुळे खडकाचे तुकडे सुटतात, त्यामुळे कड्याला अगदी चिकटून उभे राहू नये.