चांदिपुरा आणि चोवीस तास

१९९४ च्या सप्टेंबरात आम्ही बडोद्याची मुलं तोंडाला रुमाल बांधून शाळेत जायचो. सुरतेत प्लेग आला होता, आणि सुरत म्हणजे आमच्यापासून गाडीने दोन-अडीच तास. आईने कुठूनशी टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांची एक पट्टी पैदा करून देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात ठेवली होती, अंगाऱ्याच्या डबीला लागून. त्या साथीत देशभरात पन्नासच्या आसपास माणसं गेली, पण सुरत सोडून पळालेले मात्र लाखांत होते. हा खरंच प्लेग की दुसरं काही, हा वाद साथ ओसरल्यावरही मिटला नाही. ठाम उत्तर वेळेवर मिळालं नाही की त्या जागी अफवा येऊन बसते.

पुढे २००४ मध्ये केंद्राचा एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्याचे फॉर्म तीन. ‘एस’ गावपातळीवरची आरोग्यसेविका नुसत्या लक्षणांवरून भरते, ‘पी’ डॉक्टर संशयावरून भरतात आणि ‘एल’ तपासणी झाल्यावर प्रयोगशाळा भरते. हे कागद आठवड्याच्या हिशेबाने वर जायचे. गोवर, कावीळ, हगवण यांना आठवड्याचा हिशेब बऱ्यापैकी पुरतो, लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालणाऱ्या चांदिपुरा विषाणूला पुरत नाही.

या विषाणूचं नाव आपल्याच मुलखातलं. १९६५ मध्ये नागपूरकडे तापाची साथ होती. तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला (एनआयव्ही), दोन रुग्णांच्या रक्तात तो सापडला आणि चांदिपुरा गावावरून त्याचं नाव पडलं. कूळ रेबीजच्या विषाणूचं, आकार बंदुकीच्या गोळीसारखा. जवळजवळ चार दशकं त्याला कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली आणि त्यांतली १८३ दगावली. पुढच्याच वर्षी तो आमच्या पूर्व गुजरातेत आला. इथे दर चार रुग्णांमागे तीन वाचले नाहीत.

याची चाल अशी, की सकाळी तापलेलं मूल दुपारी उलट्या करतं, रात्री झटके येतात, शुद्ध हरपते. कित्येकदा चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत सगळं संपतं. गुजरातीत सगळेच याला ‘मगजनो ताव’ म्हणतात, आपण मेंदूज्वर म्हणतो. पण ते लक्षणांचं नाव झालं, कारण वेगवेगळं असू शकतं.

माझी मावसबहीण एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. मी तिला विचारलं, डेंग्यूसारखी पटकन अँटिबॉडी का नाही तपासत? ती म्हणाली, “दादा, अँटिबॉडी बनायला शरीराला चार-पाच दिवस लागतात. ते मूल तेवढं थांबतं कुठे?” म्हणून इथे विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, थेट शोधावा लागतो, आरटी-पीसीआर तपासणीने. तो आरएनए फार नाजूक. रक्ताची किंवा पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याची ट्यूब आधी टिपकागदात गुंडाळायची, मग पाणी न झिरपणाऱ्या दुसऱ्या डब्यात ठेवायची, आणि तो डबा बर्फाच्या पिशव्यांसकट तिसऱ्या खोक्यात. आत दोन ते आठ अंश राहायला हवेत. जीप पंक्चर झाली आणि बर्फ वितळला, तर पोचणारा नमुना काहीच सांगत नाही.

२०२४ च्या जुलैत गुजरातेतल्या हिंमतनगरच्या सरकारी रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांच्या लक्षात आलं, की एकसारख्या लक्षणांनी मुलं येताहेत आणि दगावताहेत. त्यांनी चांदिपुऱ्याचा संशय घेऊन नमुने पुण्याला पाठवले. आठवडाभरात खात्री पटली, आणि पुढे तपासणी गांधीनगरच्या जैवतंत्रज्ञान केंद्रातही होऊ लागली. माझ्या मते या साथीत सगळ्यात मोलाचं काम करून गेलं ते यंत्र नव्हे, तो संशय. कारण पीसीआर म्हणजे काही जादूचा आरसा नाही. ज्या विषाणूचा प्रायमर, म्हणजे त्याचा आरएनए हुडकणारा जनुकीय तुकडा, नळीत घालाल तोच दिसणार, बाकीचे समोर असूनही दिसणार नाहीत. त्या साथीत जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ दगावले. चांदिपुरा मात्र ६४ जणांतच सापडला. उरलेल्यांचं कोडं सोडवायचं तर नमुन्यातला सगळाच जनुकीय मजकूर वाचावा लागतो. ते काम महाग आणि सावकाशीचं.

आपल्याकडे क्षमता म्हटलं की चर्चा वळते ती पुण्याच्या बीएसएल-४, म्हणजे सर्वोच्च सुरक्षा पातळीच्या, प्रयोगशाळेकडे. ती हवीच. २०११ मध्ये साणंद तालुक्यात क्रिमियन-काँगो ताप निघाला, तेव्हा उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेल्या. असले विषाणू साध्या खोलीत हाताळता येत नाहीत. पण २०२० च्या जानेवारीत करोनाची तपासणी देशात फक्त पुण्यात व्हायची आणि दोन वर्षांत ती ३,००० हून जास्त प्रयोगशाळांत पोचली. त्यांतली यंत्रं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांना प्रायमर, किट आणि बदली न होणारा एक तंत्रज्ञ मिळाला, तर आठवड्याचा दिवस करता येतो. फॉर्मांचं तसंच झालं. २०२१ पासून ते आयएचआयपी नावाच्या पोर्टलवर रोज भरले जातात. जगात आता ‘७-१-७’ असं माप धरतात: सात दिवसांत ओळख, एका दिवसात वर्दी, पुढच्या सात दिवसांत प्राथमिक बंदोबस्त. माप उत्तम आहे, पण चांदिपुऱ्यापुढे त्यातला पहिला सातच फार लांबचा.

म्हणून बंदोबस्त अहवालाआधी सुरू करावा लागतो. औषध नाही, लस नाही. ताप उतरवा, झटके आवरा, मेंदूची सूज सांभाळा, एवढंच डॉक्टरांच्या हाती. विषाणू पसरवते ती वाळूमाशी, गुजरातीत रेतमाखी. दोन-तीन मिलिमीटरची, डासाहून लहान, फार उंच न उडता टुणटुण उड्या मारणारी. दिवसा ती गोठ्यात आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत दडते. एका मुलाला झटके आले की त्याच दिवशी त्या वस्तीतल्या भेगा लिंपायच्या, भिंतींवर कीटकनाशक मारायचं. पुढे निदान जपानी मेंदूज्वराचं निघालं, तर फार तर थोडी पावडर वाया गेली.

बहिणीच्या खोक्यावर नमुना घेतल्याची तारीख असतेच. शेजारी ती निळ्या पेनने वेळही लिहिते. परवा गेलो तेव्हा त्यावर लिहिलं होतं, ३.४०. पुण्याची गाडी अजून निघायची होती.