स्टॅगची प्रोफेसरकी आणि सत्तरीचा नियम : पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलचा (हातात चेंडू घेऊन पळायचा तो, आपला पायाने खेळायचा नव्हे) नावाजलेला कोच अ‍ॅमॉस अलोन्झो स्टॅग याचं नाव निघालं की लोक थेट त्याच्या टीम्सनी जिंकलेल्या ३१४ मॅचवर येतात, पण खरी गंमत त्याच्या नोकरीत आहे. येल युनिव्हर्सिटीचा बेसबॉल पिचर (चेंडू टाकणारा), १८८९ च्या पहिल्या ऑल-अमेरिका म्हणजे देशभरातल्या निवडक खेळाडूंच्या फुटबॉल टीममधला खेळाडू, व्हायचं होतं पाद्री पण चारचौघांत बोलणं जमेना. मग स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत गेला, तिथे बास्केटबॉल नुकताच जन्माला आला होता आणि १८९२ च्या पहिल्या जाहीर मॅचमध्ये मास्तरमंडळी पोरांकडून ५-१ अशी हरली, त्यातला मास्तरांचा एकुलता एक गोल याचा.

त्याच वर्षी तो शिकागोच्या नव्याकोऱ्या युनिव्हर्सिटीत आला. तिथले प्रेसिडेंट येलमधले त्याचे शिक्षक, त्यांनी याला नुसता कोच म्हणून नाही तर शारीरिक शिक्षण विभागाचा प्रमुख आणि असोसिएट प्रोफेसर म्हणून घेतलं, तेही कायम. त्या काळी कोच म्हणजे सीझनपुरता बोलावलेला माणूस, काम झालं की निघा, त्यामुळे ग्रीक शिकवणारा आणि फुटबॉल शिकवणारा एकाच पंगतीत कसे बसणार हा वाद तेव्हापासूनचा. समर्थक म्हणायचे की नोकरी पक्की असली की कोच जिंकण्यासाठी लांड्यालबाड्या करत नाही. मुद्दा चुकीचा नाही, पण त्याच बळावर विभागाचा पैसा कित्येक वर्षं त्याच्याच हातात राहिला आणि हिशोब विचारायची फारशी कुणाची टाप नव्हती, हे त्याचे भक्त सहसा सांगत नाहीत.

बाकी खेळ घडाघडा सांगतो. पहिल्या वर्षी फुटबॉल टीममध्ये स्वतःच खेळला, आणि कोच म्हणून बेसबॉल जवळपास वीस वर्षं, ट्रॅक त्याहून जास्त, बास्केटबॉल एक सीझन, फुटबॉल सलग ४१. १९०५ ला मिशिगन युनिव्हर्सिटीला २-० हरवलं, फक्त एका सेफ्टीवर (समोरच्याला चेंडूसकट त्याच्याच गोलरेषेमागे अडवलं की मिळणारे दोन गुण), आणि त्यांची ५६ मॅच न हरण्याची मालिका तुटली.

मग आलं १९३२. तो सत्तरीला पोचला आणि प्रोफेसर म्हटल्यावर प्रोफेसरांचा निवृत्तीचा नियम लागू, म्हणजे ज्या पदाने चाळीस वर्षं सांभाळलं त्याच पदाने बाहेर काढलं! नवे प्रेसिडेंट तरुण, फुटबॉलचं त्यांना फारसं प्रेम नव्हतं, त्यामुळे नियम हे निमित्तच होतं असं मला तरी वाटतं. कोचिंग सोडून दुसरं काम देऊ केलं होतं, ते त्याने नाकारलं आणि कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनच्या एका छोट्या कॉलेजात गेला. १९३८ मध्ये हीच टीम घेऊन तो शिकागोत आला आणि जुन्या युनिव्हर्सिटीला, तेही त्याच्याच नावाच्या मैदानावर, ३२-० धुतलं. पुढच्या वर्षी मिशिगनकडून ८५-० असा मार खाल्ल्यावर युनिव्हर्सिटीने फुटबॉलच बंद केला. इकडे १९४३ मध्ये, ८१ व्या वर्षी, कोच मंडळींनी याला वर्षातला सर्वोत्तम कोच निवडलं आणि त्यानंतरही तो पेन्सिल्व्हेनियात स्वतःच्या मुलाबरोबर कोचिंग करतच राहिला.