चोरलेले किंवा फेरफार केलेले चित्र इंटरनेटवरून हटवायचे असेल तर: तक्रार कोण करू शकतो, कागदपत्रे काय, आणि २१ दिवसांची अट

आपल्या चित्रावरची सही खोडून कोणी ते टी-शर्टवर छापून विकतो आहे, हे कळले की चित्रकार पहिल्यांदा त्या माणसालाच मेसेज करतो. समोरचा पोस्ट काढतो किंवा सरळ ब्लॉक करतो, आणि दाखवायला हातात काही उरत नाही. तेव्हा राग आवरून आधी पुरावा गोळा करा. पानाचा वेब-पत्ता आणि तारीख-वेळ दिसेल असा पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या, लिंक कॉपी करून ठेवा. वस्तू विक्रीला असेल तर एक मागवून घ्या आणि बिल, पार्सलवरचा पत्ता जपून ठेवा.

लिंक त्याच पोस्टची किंवा त्याच वस्तूच्या पानाची हवी. 'या अकाउंटवर माझी बरीच चित्रे आहेत' असे लिहून प्रोफाइलची लिंक दिलेल्या तक्रारी मी डझनांनी परत आलेल्या पाहिल्या आहेत. नेमके कोणते चित्र नेमके कुठे आहे हे सांगण्याची जबाबदारी कायद्याने तक्रारदारावर आहे. दहा चित्रे असतील तर दहा लिंक द्या आणि प्रत्येकीसमोर तुमचे मूळ चित्र जोडा.

नोंदणी नसली तरी हक्क असतो

'कॉपीराइट रजिस्टर केला नव्हता, आता काय उपयोग' असे म्हणून कितीतरी जण तिथेच थांबतात. थांबू नका. चित्र काढले त्या क्षणी हक्क तयार होतो, आणि तो चित्रकाराच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. नोंदणी सक्तीची नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये संजय सोया या कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे, आणि तो वादही वेष्टणावरच्या कलाकृतीचाच होता. तरीही कोणी अधिकारी किंवा एखादी वेबसाइट प्रमाणपत्र मागत असेल, तर या निकालाचा उल्लेख लेखी करा.

नोंदणीचा फायदा मात्र आहे. न्यायालयात ती मालकीचा प्रथमदर्शनी पुरावा ठरते. अर्ज कॉपीराइट कार्यालयाकडे फॉर्म १४ मध्ये ऑनलाइन होतो. चित्राचे शुल्क ५०० रुपये, पण चित्र वस्तूंवर किंवा सेवांसाठी वापरले जाणारे असेल तर २००० रुपये, आणि त्यासोबत ट्रेडमार्क कार्यालयाचे शोध-प्रमाणपत्र (तसाच ट्रेडमार्क आधी नोंदलेला नाही असे सांगणारे) लागते. हे प्रमाणपत्र कोणाकडेच आधीपासून नसते, त्यामुळे लोगो आणि लेबलचे अर्ज इथेच अडकतात. अर्ज केल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. म्हणजे आज चोरी झाली आणि उद्या प्रमाणपत्र हाती आले, असे होत नाही.

मालक नक्की तुम्हीच आहात ना?

हे विचारताना मला वाईट वाटते, पण सर्वात जास्त निराशा याच ठिकाणी होते. पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून पोर्ट्रेट काढले, किंवा तसाच फोटो काढला, आणि वेगळा करार केला नाही, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पहिला मालक ऑर्डर देणारा असतो. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेले चित्र नोकरी देणाऱ्याचे असते. अशा चित्राची तक्रार तुम्ही स्वतःच्या नावाने केली की समोरचा करार दाखवायला सांगतो आणि तक्रार पडते. त्या ग्राहकाकडून किंवा कंपनीकडून लेखी अधिकारपत्र घ्या, किंवा तक्रार त्यांनाच करायला लावा.

मात्र कलम ५७ खालचे हक्क विकूनही जात नाहीत. चित्र आपले आहे असे सांगण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल असा बदल थांबवण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातले शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प सरकारने उतरवून खराब केले, तेव्हा २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि ५ लाखांची भरपाई दिली. तुमच्या चित्रातले चेहरे बदलून ते एखाद्या प्रचाराला वापरले असेल तर फक्त 'बदल केला' एवढे लिहू नका. या बदलामुळे तुमच्या नावाला काय धक्का बसतो तेही लिहा, आणि मूळ व बदललेले चित्र शेजारी-शेजारी लावा. तो परिच्छेद नसला तर कलम ५७ चा मुद्दा लंगडा पडतो.

सही किंवा वॉटरमार्क मुद्दाम पुसणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५ब खाली वेगळा गुन्हा आहे आणि त्याला २ वर्षांपर्यंत कैद आहे. हा मुद्दा तक्रारीत स्वतंत्रपणे मांडा. फक्त शैली उचलली असेल तर मात्र ही वाट उपयोगाची नाही. वारली पद्धतीने दुसऱ्याने काढलेले चित्र थांबवता येणार नाही, तुमचीच रचना उतरवलेली असेल तर थांबवता येईल.

मालकीचा पुरावा म्हणून काय द्यावे? लेयर असलेली मूळ फाइल, कच्ची रेखाटने, कागदावरच्या चित्राचा जुना फोटो, पहिल्यांदा कुठे प्रसिद्ध केले त्याची तारीख. बहुतेकांकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून परत आलेली दाबलेली प्रतच उरलेली असते. मूळ फाइल गेली असेल तर ज्या ग्राहकाला किंवा मित्राला आधी ईमेलने पाठवली होती ती ईमेल शोधा.

तक्रार कुठे करायची

परदेशी वेबसाइटला अमेरिकेतल्या डीएमसीए या इंटरनेटवरच्या कॉपीराइटच्या कायद्याप्रमाणे त्यांच्याच फॉर्मवर तक्रार करा. भारतीय चित्रकाराला त्यासाठी अमेरिकेत नोंदणी लागत नाही. माहिती खरी असल्याचे निवेदन त्यात सहीनिशी द्यावे लागते, ते वाचून द्या. तुमचे नाव आणि संपर्क समोरच्याला कळू शकतो, म्हणून घरचा पत्ता देण्याआधी विचार करा. चित्र चुकून हटवले असा प्रतिदावा त्याने वेबसाइटकडे केला आणि तुम्ही न्यायालयात गेला नाहीत, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत चित्र परत झळकू शकते.

भारतीय वेबसाइटसाठी कॉपीराइट नियम, २०१३ मधला नियम ७५ आहे, आणि २१ दिवसांचा घोळ इथलाच. लोकांना वाटते की वेबसाइटला उत्तर द्यायला २१ दिवस मिळतात. तसे नाही. लेखी नोटीस मिळाल्यावर वेबसाइटने ३६ तासांत चित्र बंद करायचे असते. २१ दिवस तुमच्यासाठी असतात. नोटिशीतच तुम्हाला हमी द्यावी लागते की २१ दिवसांत चित्र टाकणाऱ्यावर दावा लावून न्यायालयाचा आदेश आणून देईन. आदेश आला नाही तर वेबसाइट चित्र पुन्हा सुरू करू शकते, आणि त्याच ठिकाणच्या त्याच उल्लंघनाची तुमची पुढची नोटीस विचारात घ्यायला ती बांधील राहत नाही.

तीन आठवड्यांत न्यायालयाचा आदेश मिळवायला सांगणे हे एकट्या चित्रकारावर अन्यायाचेच आहे. पण नियम असा आहे, म्हणून संतापाच्या भरात रात्री अकराला नोटीस पाठवू नका. आधी वेबसाइटच्या साध्या फॉर्मवर आणि तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करा. त्याने दाद दिली नाही तर त्याच्या निर्णयापासून ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. नियम ७५ ची नोटीस वकील ठरल्यावर, दाव्याचा मसुदा तयार असताना पाठवा. दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या न्यायालयातही लावता येतो (कलम ६२), दिल्ली-बंगळुरूला जावे लागत नाही.

पोलिसांकडे जायचे असेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खालचा गुन्हा दखलपात्र आहे (पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात), हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले आहे. 'हे दिवाणी प्रकरण आहे' म्हणून परत पाठवले तर तो निकाल दाखवा. १९३० हा क्रमांक पैशांच्या फसवणुकीचा आहे, चित्रचोरीसाठी तिथे वेळ घालवू नका.

न्यायालयात जायचे ठरले तर स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. त्याचा भाग 'अ' तुम्ही भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य (फाइल जराही बदलली की बदलणारा अंक-अक्षरांचा ठसा) लिहायचे. जुलै २०२४ पूर्वीच्या जुन्या पुरावा कायद्याखालचा एकपानी नमुना आजही अनेक जण देतात आणि तो परत येतो. स्क्रीनशॉट ज्या मोबाइलवर किंवा संगणकावर घेतला तो प्रमाणपत्र होईपर्यंत विकू नका, फॉरमॅटही करू नका.