फॉस्फोरेसन्सचा दर

प्रकाश शोषून उत्तेजित झालेला रेणू ट्रिपलेट अवस्थेतून (जिथे दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे त्यांचा अंगभूत फिरकीसारखा गुण, एकाच दिशेने असतात) प्रकाश सोडत मूळ सिंगलेट अवस्थेत (जिथे स्पिन परस्परविरुद्ध असतात) परततो, त्याला फॉस्फोरेसन्स म्हणतात. या संक्रमणात इलेक्ट्रॉनचे स्पिन उलटावे लागते. त्याला क्वांटम नियमांची मनाई असल्यामुळे ते फार सावकाश घडते. ही चमक ट्रिपलेट अवस्थेतून येते, हे रसायनशास्त्रज्ञ जी. एन. लुईस आणि मायकेल काशा यांनी १९४४ मध्ये ठामपणे मांडले.

क्षणिक प्रकाशझोत देऊन नंतर मंदावत जाणारी चमक मोजली की ट्रिपलेटचे आयुर्मान मिळते. या आयुर्मानाचा व्यस्त (१ ÷ आयुर्मान) म्हणजेच फॉस्फोरेसन्सचा दर, असे अनेकदा धरले जाते. ते चूक आहे. ट्रिपलेट अवस्था प्रकाश न सोडता, नुसत्या उष्णतेच्या रूपानेही ऊर्जा गमावते, आणि द्रावणातला ऑक्सिजन तर तिला झपाट्याने विझवतो. आयुर्मानाच्या व्यस्तात या सर्व वाटांची बेरीज असते. त्यातून प्रकाशाची वाट वेगळी काढण्यासाठी हे सूत्र वापरतात:

फॉस्फोरेसन्सचा दर स्थिरांक = फॉस्फोरेसन्सचा क्वांटम यील्ड ÷ (ट्रिपलेट तयार होण्याचा क्वांटम यील्ड × ट्रिपलेटचे आयुर्मान)

क्वांटम यील्ड म्हणजे शोषलेल्या दर फोटॉनमागे ती घटना घडण्याचे प्रमाण. हा स्थिरांक ट्रिपलेटच्या संहतीने गुणला की प्रत्यक्ष दर मिळतो. तिन्ही राशी एकाच द्रावकात, एकाच तापमानाला मोजलेल्या हव्यात. मोजमाप बहुधा द्रवरूप नायट्रोजनच्या ७७ केल्विन तापमानाला, काचेसारख्या गोठलेल्या द्रावणात करतात. ट्रिपलेटचा यील्ड मात्र पुष्कळदा सामान्य तापमानाच्या मोजणीतून उचललेला असतो. साऱ्या गणिताचा सर्वांत कच्चा दुवा तोच.

बेन्झोफेनोनमध्ये जवळपास प्रत्येक उत्तेजित रेणू ट्रिपलेटमध्ये जातो. ७७ केल्विनला फॉस्फोरेसन्सचा यील्ड सुमारे ०.९ आणि आयुर्मान सुमारे ६ मिलिसेकंद धरल्यास स्थिरांक सेकंदाला १५० येतो. इथे आयुर्मानाचा व्यस्त (सुमारे १६७) फारसा फसवत नाही. नॅफ्थलीनमध्ये मात्र तो पुरता फसवतो. तिथे आयुर्मान २ सेकंदांहून अधिक असल्याने व्यस्त सेकंदाला ०.४ च्या आसपास येतो, पण फॉस्फोरेसन्सचा यील्ड जेमतेम काही शतांश असल्यामुळे खरा स्थिरांक ०.०२ च्या घरात असतो. नॅफ्थलीनमधील हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घातल्यास आयुर्मान कित्येक पटींनी वाढते, कारण उष्णतेची वाट आखडते; प्रकाशाच्या वाटेचा दर जवळजवळ तसाच राहतो.

जड अणू मात्र हा दरच वाढवतात. त्यांच्या तीव्र स्पिन-कक्षा युग्मनामुळे (इलेक्ट्रॉनचे स्पिन आणि त्याची कक्षेतली गती यांच्या जोडणीमुळे) स्पिनची मनाई सैल होते. इरिडियमच्या काही संयुगांत ट्रिपलेटचे आयुर्मान मायक्रोसेकंदांवर येते आणि दर स्थिरांक सेकंदाला लाखांत जातो. ओएलईडी पडद्यांत अशी संयुगे वापरतात ती याच गुणामुळे.