पामीर

मध्य आशियातील अत्युच्च पर्वतप्रदेश. बहुतेक भाग ताजिकिस्तानच्या पर्वतीय बदख्शानमध्ये. कडेचे भाग किर्गिझस्तान, चीन व अफगाणिस्तानात. ताजिकिस्तानातील सर्वोच्च शिखर इस्मोइल सोमोनी (७,४९५ मी.) इथलेच.

शाळेच्या भूगोलात आपण ‘पामीरचे पठार’ शिकतो, पण ते वर्णन फक्त पूर्वेला लागू पडते. मुळात ‘पामीर’ म्हणजे हिमनद्यांनी रुंद कोरलेली, मग गाळ साचून तळ सपाट झालेली, उन्हाळी चराईची उंच दरी. पूर्वेकडे असे तळ ३,५०० ते ४,००० मी.वर आहेत आणि डोंगर त्यांवर बेताचेच उठतात. पश्चिमेकडे पंज, गुंत व बारतांग नद्यांनी अरुंद, खोल घळी पाडल्या आहेत. गावे आणि जर्दाळूच्या बागा ओढ्यांनी आणलेल्या गाळाच्या तुकड्यांवर वसलेल्या.

हा फरक पाण्यामुळे. पश्चिमी वाऱ्यांतील ओल पश्चिमेच्या रांगाच अडवतात. त्या हिमावरच सुमारे ७७ किमी. लांबीची फेदचेन्को हिमनदी पोसली जाते. पर्जन्यछायेतल्या पूर्वेकडील मुर्गाब गावाला (सु. ३,६५० मी.) मात्र वर्षाला १०० मिमी.देखील पडत नाही. तिथे पाणी सुमारे ८८° से.ला उकळते; उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही.

उतार तीव्र, खडक भेगाळलेला आणि भूकंप वारंवार, त्यामुळे दरडी हा इथला मोठा धोका. १८ फेब्रुवारी १९११ रोजी भूकंपाने अख्खा डोंगर मुर्गाब नदीत कोसळला. उसोई गाव गाडले गेले आणि सुमारे ५६७ मी. उंचीचा नैसर्गिक बांध तयार झाला. मागे साठलेल्या पाण्यात सारेझ गाव बुडाले, तेच नाव सरोवराला मिळाले. सरोवर सुमारे ६० किमी. लांब आहे. पाणी बांधावरून वाहत नाही. दगडांच्या फटींतून झिरपून खाली झऱ्यांच्या रूपाने फुटते, म्हणूनच बांध टिकला आहे. खरी भीती उजव्या काठावरच्या सैल उताराची आहे. तो सरोवरात घसरला, तर उठणारी लाट बांध ओलांडून बारतांग खोऱ्यातल्या गावांवर येईल.

पूर्वेचे संकट सावकाश चालणारे आहे. सोव्हिएत काळात मिळणारा स्वस्त कोळसा १९९१ नंतर आटला आणि चुलीसाठी तेरेस्केन उपटले जाऊ लागले. हे गुडघ्याएवढे झुडूप अत्यंत हळू वाढते. जळण म्हणून त्याचे जाड मूळच हवे असते, त्यामुळे तोडलेले पुन्हा फुटत नाही. उघडी पडलेली माती वारा नेतो, आणि याक-मेंढ्यांचा हिवाळी चाराही जातो.